सोपा गिअर आणि कष्टाची प्रतिष्ठा

लांब घाट सायकलवरून न उतरता चढता यावा यासाठी लागणारे तंत्र विसाव्या शतकाच्या आरंभीच माणसाच्या हाती आले होते. तरीही जगातील सर्वांत नावाजलेल्या सायकल शर्यतीने, म्हणजे ‘तूर द फ्रान्स’ने, त्या तंत्राला १९३७ पर्यंत दारात उभे केले नाही, आणि सर्वसामान्य सायकलस्वाराला पुरेसा सोपा गिअर दुकानात सहज मिळू लागण्यास त्यानंतरही अर्धे शतक जावे लागले. आरंभीच्या यंत्रांत उणिवा नव्हत्या असे नाही. साखळी निसटे, धुळीने व चिखलाने घर्षण वाढे, आणि जादा भागांचे वजन अंगावर येई. परंतु याहून मोठी अडचण कष्टाविषयीच्या एका समजुतीची होती. ज्या चढाने माणसाचा कस लागतो तो चढ यंत्राच्या साहाय्याने हलका करून घेणे हा कमकुवतपणा आहे, असे शर्यतीच्या जगाने दीर्घकाळ मानले. म्हणूनच सोप्या गिअरच्या इतिहासातील पहिली आणि निर्णायक पावले विजेत्यांनी टाकलेली दिसत नाहीत. ती टाकली हौशी पर्यटकांनी, प्रौढ वयाच्या सायकलस्वारांनी, काही स्त्रियांनी आणि लहान कारखान्यांतल्या कारागिरांनी, ज्यांना डोंगर कोणापेक्षा आधी चढायचा नव्हता, फक्त चढायचा होता.

गिअर सोपा किंवा जड असणे म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. पायडल ज्या दातेरी चक्राला जोडलेले असते त्या पुढच्या चक्राचे दाते आणि मागच्या चाकावरील चक्राचे दाते यांच्या गुणोत्तरावर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरते हे ठरते. या गुणोत्तराला चाकाच्या परिघाने गुणले की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते ते अंतर मिळते, आणि फ्रेंच सायकलस्वार आजही गिअर याच अंतराने मोजतात. इंग्रजी पद्धत निराळी आहे. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल येण्यापूर्वी पायडल थेट प्रचंड पुढच्या चाकाला जोडलेले असे, त्यामुळे चाकाचा व्यास हाच गिअर होता, आणि साखळीची सायकल रूढ झाल्यावरही इंग्लंडमध्ये गिअर त्या लुप्त झालेल्या चाकाच्या इंचांत सांगण्याची प्रथा टिकून राहिली. उंच चाकाच्या सायकलीवर हे माप स्वाराच्या पायाच्या लांबीने बांधलेले होते. साखळीने ते बंधन तोडले आणि कोणताही गिअर तत्त्वतः शक्य केला. मात्र एका सायकलीला एकच गिअर, हा दंडक तिने लगेच मोडला नाही.

चढावर या आकड्यांचा अर्थ काय होतो हे एका साध्या हिशेबाने दाखवता येते. स्वार आणि सायकल मिळून वजन ८५ किलोग्रॅम आहे, चढ ८ टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर अंतरात रस्ता आठ मीटर उंच होतो, आणि वेग ताशी ८ किलोमीटर आहे असे धरले, तर गुरुत्वाकर्षण आणि टायरचे घर्षण यांवर मात करण्यास सुमारे १६० वॅट शक्ती लागते, जी धडधाकट हौशी स्वार तास-दोन तास देऊ शकतो. २.१ मीटर परिघाच्या चाकावर पुढे ४२ आणि मागे २१ दाते असतील तर एका फेऱ्यात सायकल ४.२ मीटर जाते, त्यामुळे या वेगाला पायडलचे मिनिटाला जेमतेम ३२ फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात पायडलवर सरासरी २८ किलोग्रॅम वजनाएवढा जोर द्यावा लागतो. पुढे ३० आणि मागे ३४ दाते असतील तर अंतर १.८५ मीटर होते, फेरे ७२ वर जातात आणि जोर सुमारे १३ किलोग्रॅमवर येतो. डोंगर तेवढाच राहतो, खर्च होणारी शक्तीही तेवढीच राहते. पण पहिल्या रीतीने मांडीचे स्नायू आणि गुडघे तासाभरात हार मानतात आणि दुसऱ्या रीतीने तोच स्वार दुपारपर्यंत चालत राहतो. पायडल वर आणि खाली सरळ रेषेत असताना पायाचा जोर जवळजवळ वाया जातो, म्हणून अतिमंद फेऱ्यांत सायकल प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला अडखळते आणि तोल सांभाळण्यासाठी हात व पाठही राबू लागतात, ही गोष्ट या हिशेबात धरलेलीच नाही.

हा हिशेब कागदावर नव्हे तर रस्त्यावर मांडला गेला तो फ्रान्समधील सेंत-एतिएन या शहरात. कोळशाच्या खाणी, रेशमी फितींचे माग आणि शस्त्रांचे कारखाने यांवर वाढलेल्या या शहरात लोखंड घासूनपुसून अचूक मापाचा भाग बनवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले होते, आणि बंदुकीची नळी घडवणारा कारागीर सायकलची नळीही घडवू शकतो हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे सिद्ध झाले. फ्रान्समधील पहिली साखळीची सायकल १८८६ मध्ये बनवण्याचा मान याच शहरातील गोतिए बंधूंना दिला जातो. शहराच्या दक्षिणेला पिला डोंगररांग उभी असल्याने नगरवेस ओलांडताच चढ लागतो, आणि तो ११६१ मीटर उंचीच्या कोल द ला रेपुब्लिक या खिंडीपर्यंत सुटत नाही. सपाट प्रदेशातील सायकलच्या कारखानदाराला एका गिअरची सायकल पुरेशी वाटू शकत होती. सेंत-एतिएनच्या गिऱ्हाइकाला ती पहिल्याच रविवारी अपुरी वाटत असे. भूगोल आणि कारागिरी यांची अशी गाठ अन्यत्र क्वचितच पडली असेल.

या शहरात रेशमाचा व्यापार करणारे पॉल द विवी, जन्म १८५३, यांनी तिशी ओलांडल्यावर सायकलचा ध्यास घेतला, व्यापार सोडला, १८८७ मध्ये सायकलचे दुकान थाटले आणि त्याच वर्षी एक नियतकालिक सुरू केले, जे पुढे ‘ल सिक्लिस्त’ या नावाने फ्रान्सभर वाचले जाऊ लागले. ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने त्यांनी चार दशके त्यात लेखन केले. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या कारखान्यांची यंत्रे त्यांनी पाहिली होती आणि विकलीही होती, परंतु त्यांच्या अनुभवाची प्रयोगशाळा पिलाचे चढ आणि तेथून प्रोव्हान्सकडे उतरणारे लांब रस्ते हीच राहिली. वय वाढत गेले तसा त्यांचा एक सिद्धान्त दृढ होत गेला: माणसाच्या शरीराला एका ठरावीक लयीत काम करणे मानवते, म्हणून रस्त्याचा चढउतार बदलला की शरीराची लय न बदलता यंत्राचे गुणोत्तर बदलले पाहिजे. त्यांच्याभोवती जमलेल्या स्वारांना पुढे ‘सेंत-एतिएनचा संप्रदाय’ असे संबोधले गेले. अहंकारापोटी पायडल मारू नये आणि भूक लागण्याआधी खावे, अशा स्वरूपाचे त्यांचे नियम सायकल-पर्यटकांनी आजही जपले आहेत. या माणसाची थोरवी कोणत्याही एका शोधात शोधू नये. शेकडो किलोमीटरांच्या प्रवासांतून गिअरचे आकडे तपासून पाहणे, ते छापणे, इतरांचे आकडे मागवणे आणि त्यांवर वाद घालणे या चिकाटीत ती आहे. सायकलच्या इतिहासात प्रयोगाची अशी शिस्त त्यांच्याआधी क्वचितच दिसते.

एका सायकलीवर दोन किंवा अधिक गिअर बसवण्याचे जे उपाय १९०० च्या आसपास पुढे आले, त्यांतली कल्पकता पाहून आजही आदर वाटतो. काही सायकलींना दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या गुणोत्तरांच्या साखळ्या असत आणि त्यांपैकी एक कामास लावली जाई. सेंत-एतिएनच्या शस्त्रे व सायकली बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याने ‘इराँदेल’ सायकलीवर उलट-सुलट पद्धत आणली: पायडल नेहमीप्रमाणे पुढे मारले की सपाटीचा गिअर लागे आणि चढावर पायडल उलटे मारले की सायकल पुढेच जाई, पण सोप्या गिअरने. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने चाकाच्या तुंब्यातच ग्रहमालेप्रमाणे एकमेकांभोवती फिरणारी लहान चक्रे बसवून तीन गिअर दिले, जे धूळ-पावसापासून सुरक्षित असल्याने शहरी सायकलींवर शतकभर टिकले. मात्र त्यांतील सर्वांत सोपा गिअर मधल्या गिअरपेक्षा केवळ एक-चतुर्थांशाने हलका असल्याने खऱ्या डोंगरासाठी तो अपुरा होता. शेवटी टिकली ती डिरेलरची पद्धत, म्हणजे मागच्या चाकावर लहानमोठी चक्रे शेजारी-शेजारी बसवून साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणे आणि सैल पडलेली साखळी स्प्रिंगच्या हाताने ताणून धरणे. वेलोसिओंच्या वर्तुळातील झोआनी पानेल यांनी १९११ च्या सुमारास सेंत-एतिएनमध्येच ‘ल शमिनो’ हा डिरेलर बाजारात आणला, आणि त्याची मूळ कल्पना आजच्या डिरेलरपासून फारशी दूर नाही.

या उपायांची जाहीर कसोटी लागली ती १९०२ च्या ऑगस्टमध्ये. १८९० मध्ये स्थापन झालेल्या ‘तूरिंग क्लब द फ्रान्स’ या पर्यटकांच्या संस्थेने पिरेनीज पर्वतातील २११५ मीटर उंचीच्या तुर्माले खिंडीवर प्रवासी सायकलींची चाचणी घेतली. तुर्मालेचा चढ सुमारे १७ ते १९ किलोमीटरांचा आणि सरासरी साडेसात टक्क्यांच्या जवळपास आहे, रस्ता त्या काळी खडीमातीचा होता, आणि एका गिअरच्या सायकलीवरून तो चढणे म्हणजे बहुतांश लोकांसाठी सायकल ढकलत चालणे होते. या चाचणीत मार्थ हेस ही स्त्री वेलोसिओंच्या ‘गोलुआज’ या बहुगिअरी सायकलीवर सहभागी झाली, आणि तिने कोठेही पाय टेकला नाही ही गोष्ट फ्रेंच सायकल-पर्यटकांच्या परंपरेत आजही अभिमानाने सांगितली जाते. गिअर हा सामर्थ्याचा पर्याय नसून सामर्थ्याचा नीट केलेला विनियोग आहे, हे इतक्या ठळकपणे दाखवणारा दुसरा प्रसंग त्या दशकात नाही.

तरीही ज्यांच्या शब्दाला सर्वाधिक वजन होते त्यांनी हे मानले नाही. ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाचे संपादक आंरी देग्रांज हे स्वतः माजी शर्यतपटू आणि ताशी विक्रमाचे मानकरी होते, आणि या चाचणीवर त्यांनी लिहिले त्याचा आशय असा होता की, बदलता गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांना शोभतो, खऱ्या खेळाडूने स्नायूंच्या बळावरच जिंकावे आणि अशा युक्त्यांनी माणूस मऊ पडतो. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, त्यांनी तूर द फ्रान्स सुरू केली, आणि त्यांची ही भूमिका एका मोठ्या स्पर्धेचा नियम बनली. पहिल्याच तूरमध्ये शर्यतीने ओलांडलेली हजार मीटरांवरील पहिली खिंड कोल द ला रेपुब्लिक, म्हणजे वेलोसिओंच्या घरचाच घाट होता, आणि तो एका गिअरच्या सायकलींवरून ओलांडला गेला.

देग्रांज यांच्या भूमिकेला केवळ हट्ट म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. शर्यत ही माणसांमधली तुलना आहे आणि यंत्रे जितकी साधी व सारखी तितकी ती तुलना स्वच्छ, असा तिच्यामागचा विचार होता. सायकल कंपन्यांच्या व्यापारी डावपेचांचा त्यांना इतका तिटकारा होता की १९३० मध्ये त्यांनी कंपन्यांचे संघ काढून राष्ट्रीय संघ आणले आणि सर्वांना आयोजकांतर्फे एकसारख्या सायकली पुरवल्या. परंतु या न्यायबुद्धीत दुसरी एक गोष्ट मिसळलेली होती, आणि ती म्हणजे यातनेचे आकर्षण. तूरचे वाचक डोंगरावरची हार, चिखल आणि रक्त यांची वर्णने वाचण्यासाठी दैनिक विकत घेत, आणि चढ जितका असह्य तितकी वीरगाथा मोठी होई. १९१० मध्ये तूरने प्रथमच पिरेनीजच्या उंच खिंडी ओलांडल्या तेव्हा, लूशाँ ते बायोन या ३२६ किलोमीटरांच्या टप्प्यात, त्या वर्षीचा अंतिम विजेता ऑक्ताव्ह लापीझ तुर्मालेच्या काही भागात सायकल हाताने ढकलत चालला, तर ग्युस्ताव्ह गारिगू न उतरता तो चढ चढला म्हणून त्याला शंभर फ्रँकचे वेगळे बक्षीस मिळाले. जी गोष्ट आठ वर्षांपूर्वी पर्यटकांनी त्याच खिंडीत योग्य गिअर लावून साधली होती, ती आता अपवादात्मक पराक्रम ठरत होती. आणि ती पराक्रम ठरावी अशीच त्या शर्यतीची रचना होती.

शर्यतपटूंना अर्थात डोंगराची अडचण कळत होती, म्हणून त्यांनी नियमात बसणारी एक पळवाट वापरली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रे बसवलेली असत. चढाच्या पायथ्याशी थांबून, चाकाचे फुलपाखरी नट सैल करून, चाक काढून उलटे लावले की सोपा गिअर मिळे, आणि माथ्यावर हीच क्रिया उलट करावी लागे. केव्हा थांबायचे, प्रतिस्पर्ध्याने चाक उलटवताच आपण पुढे निघून जायचे की आपणही थांबायचे, हे डावपेच त्या पिढीच्या शर्यतींचा गाभा होते. इटलीतील तुलिओ कांपान्योलो १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये क्रोचे द’आउने खिंडीत गोठलेल्या बोटांनी ते नट सैल करू शकले नाहीत आणि त्यातून त्यांना एका झटक्यात चाक सोडवणाऱ्या तरफेची कल्पना सुचली, अशी कथा सांगितली जाते. ही कथा जशीच्या तशी खरी असो वा पुढे रंगवलेली असो, तिने या पद्धतीचे कष्ट नेमके टिपले आहेत, आणि कांपान्योलोंच्या कंपनीने पुढे डिरेलर बनवण्यात जगभर नाव मिळवले.

दरम्यान शर्यतीबाहेर डिरेलर सुधारत राहिला. १९१३ पासून पॅरिसजवळच्या शांतलूप गावात ‘पोलिम्युल्तिप्लिए’ नावाची चढाची शर्यत बहुगिअरी सायकलींच्या प्रसारासाठीच घेतली जाऊ लागली. दीजाँ शहरातील ल्यूसियाँ झ्युई यांनी १९२८ मध्ये ‘सिंप्लेक्स’ डिरेलर आणला, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत फ्रेंच पर्यटकांच्या सायकलींवर तीन-चार मागची चक्रे ही नेहमीची बाब झाली. १९३० मध्ये सेंत-एतिएनच्या रस्त्यावर ट्रामच्या धक्क्याने वेलोसिओंचा मृत्यू झाला. तूर द फ्रान्सने डिरेलर स्वीकारलेला त्यांनी पाहिला नाही. देग्रांज आजारपणामुळे १९३६ मध्ये शर्यतीच्या संचालनातून बाजूला झाले, त्यांच्या जागी झाक गोदे आले, आणि लगेच १९३७ च्या तूरमध्ये डिरेलरला मुभा मिळाली. त्या वर्षीचा विजेता रोजे लापेबी हा डिरेलर वापरून तूर जिंकणारा पहिला स्वार होय. नियम बदलण्यास यंत्राची प्रगती जितकी कारणीभूत झाली तितकाच एका माणसाचा निरोपही कारणीभूत झाला, हा निष्कर्ष या तारखा शेजारी ठेवल्यावर टाळता येत नाही.

परंतु गिअर बदलण्याची परवानगी मिळणे आणि सोपा गिअर मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या फरकाकडे सायकलच्या लोकप्रिय इतिहासांत फारसे लक्ष दिले जात नाही. शर्यतपटूंनी डिरेलरचा उपयोग मुख्यतः वेगाचे बारीक टप्पे करण्यासाठी केला. त्यांचा सर्वांत सोपा गिअर पर्यटकांच्या दृष्टीने जडच राहिला. याचे एक कारण प्रतिष्ठेचे होते आणि दुसरे पूर्णपणे धातूतले होते. पुढचे चक्र क्रँकला, म्हणजे पायडलच्या दांड्याला, बोल्टांनी जोडलेले असते, आणि ते बोल्ट ज्या काल्पनिक वर्तुळावर बसतात त्याचा व्यास जितका मोठा तितके सर्वांत लहान शक्य असलेले चक्र मोठे होते, कारण दाते बोल्टांच्या बाहेरच असावे लागतात. कांपान्योलोच्या १९६० च्या दशकाअखेरच्या शर्यती क्रँकमध्ये हा व्यास १४४ मिलिमीटर होता, त्यामुळे ४१ दातांपेक्षा लहान चक्र त्यावर बसूच शकत नसे. जगभरचे हौशी स्वार विजेत्यांसारखी सायकल हवी म्हणून हीच क्रँक घेत आणि मग ४२ दातांच्या चक्रावर आपापले घाट चढत. १९८० च्या दशकात हा व्यास १३० ते १३५ मिलिमीटरांवर आला आणि ३९ दात रूढ झाले, पण हा फरक तीन दातांचाच होता. बोल्टांच्या वर्तुळाचे एक माप लाखो गुडघ्यांचे भवितव्य ठरवत होते, आणि ते माप ठरवताना ज्यांचा विचार झाला होता ते मूठभर व्यावसायिक होते.

पर्यटकांसाठी बनवणाऱ्या कारागिरांनी मात्र हे बंधन केव्हाच झुगारले होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत पॅरिस परिसरातील रने एर्स आणि अ‍ॅलेक्स सिंगर यांच्यासारखे कारागीर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाने सायकल घडवत, आणि तिच्यावर पुढे ४६ व ३० सारखी दूरच्या अंतराची चक्रांची जोडी किंवा तीन चक्रांचा संच बसवत. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या टी. ए. कंपनीच्या प्रवासी क्रँकवर २६ दातांइतके लहान चक्र बसत असे. पुढे २६ आणि मागे २८ दाते असले तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा पूर्ण फेराही होत नाही, सायकल जेमतेम १.९५ मीटर सरकते, आणि सामान लादलेला पन्नाशीचा माणूस आल्प्सच्या खिंडी बसल्या-बसल्या ओलांडतो. या सायकली थोड्या बनल्या, महाग होत्या आणि फ्रान्सबाहेर त्यांची ओळख अल्प होती. त्यांच्या निर्मात्यांनी एका लोकशाही कल्पनेची जोपासना केली, ही गोष्ट त्यांच्या सुंदर कारागिरीच्या कौतुकात झाकून जाऊ नये: डोंगर हा निवडक बलवंतांचा नाही.

या कल्पनेचा प्रसार अखेर अनपेक्षित दिशेने झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात जो ब्रीझ, गॅरी फिशर आदी तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन माउंट टॅमलपायसच्या मातीच्या वाटांवरून सुसाट उतरत; परंतु उतरण्याआधी वर जावे लागते, आणि सायकल ढकलण्याचा वा मोटारीतून नेण्याचा कंटाळा आल्यावर त्यांनी प्रवासी सायकलींचे डिरेलर आणि लहान चक्रे आपल्या सायकलींना लावली. १९८१ मध्ये आलेली ‘स्टंपजंपर’ ही मोठ्या संख्येने बनलेली पहिली माउंटन बाइक होती आणि तिच्यावर टी. ए.चीच तीन चक्रांची क्रँक होती. काही वर्षांतच जपानी कंपन्यांनी हे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात बनवले. त्याआधी १९६४ मध्ये जपानच्या सनटूरने डिरेलरचा चौकटी हात तिरका करून साखळी प्रत्येक चक्राच्या जवळून नेण्याची युक्ती शोधली होती, तिच्या पेटंटची मुदत १९८० च्या दशकाच्या मध्यास संपली, आणि मागे मोठी चक्रे असतानाही गिअर अचूक पडणे सर्व उत्पादकांना शक्य झाले. फ्रेंच प्रवाशांनी जपलेला सोपा गिअर अशा रीतीने अमेरिकी मातीवरून आणि जपानी कारखान्यांतून सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचला.

शर्यतीच्या सायकलींवर तो आला तो त्याहूनही उशिरा, आणि तेथे त्याला वाट करून दिली ती शर्यतीच्या आयोजकांनीच. प्रेक्षकांना अधिकाधिक भीषण चढ दाखवण्याच्या चढाओढीत स्पेनच्या व्हुएल्ता शर्यतीने १९९९ मध्ये आंग्लिरूचा चढ आणला, ज्याच्या एका टप्प्यात चढ २३ टक्क्यांवर जातो, आणि इटलीच्या जिरोने २००३ मध्ये झोंकोलान आणला. अशा भिंतींवर ३९ दातांचे चक्र जगातील सर्वोत्तम पायांनाही पेलेना. त्याच सुमारास ११० मिलिमीटर व्यासाची, ५० व ३४ दातांची ‘कॉम्पॅक्ट’ क्रँक बाजारात आली, आधी हौशी स्वारांसाठी आणि मग संकोच सोडून व्यावसायिकांसाठीही. आज मोठ्या शर्यतींतील घाटवीर मागे ३० हून अधिक दातांचे चक्र लावून मिनिटाला ऐंशी-नव्वद फेऱ्यांनी चढतात आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. पर्यटकांसाठी आणि खडीच्या रस्त्यांसाठी आता ४६ व ३० दातांच्या क्रँक नव्या म्हणून विकल्या जातात. रने एर्स यांच्या गिऱ्हाइकांना ती जोडी सत्तर वर्षांपूर्वी मिळत होती.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी असलेला संबंध उशिराचा आहे, पण खरा आहे. येथे रुजलेली काळी, जड, एका गिअरची सायकल इंग्लंडच्या सखल प्रदेशासाठी घडलेल्या सायकलीची वारसदार होती, आणि वरळीच्या हिंद सायकल्ससारख्या देशी कारखान्यांनीही तोच नमुना पुढे नेला. देश आणि कोकण यांच्यामध्ये सह्याद्री उभा असूनही सायकल घाट चढण्याचे साधन मानली गेली नाही. बोरघाटात १८६३ मध्ये लोहमार्ग खुला झाला तेव्हा ३७ फुटांत एक फूट अशा चढावर गाडीला जादा इंजिन जोडून प्रश्न सोडवला गेला. सायकलस्वाराला जादा इंजिन जोडता येत नाही. त्याच्याजवळ वेग कमी करून जोर वाढवण्याचा एकच मार्ग असतो, आणि एका गिअरच्या सायकलीने तो बंद केलेला होता. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत याच घाटातील खोपोलीहून खंडाळ्याकडे जाणारा चढ आधी पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवण्याची प्रथा पडली, जिचे मूळ तूर द फ्रान्सने १९३३ मध्ये सुरू केलेल्या पर्वतराजाच्या किताबात दिसते. किताब आला, पण सामान्यांच्या हाती तो चढ चढू देणारा गिअर येण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. ‘गिअरची सायकल’ ही मराठी शहरांत दीर्घकाळ हौसेची, बहुधा मुलाच्या हट्टाची वस्तू समजली गेली.

गेल्या दोन दशकांत पुणे, नाशिक, मुंबई, नागपूर येथील शेकडो स्वार सह्याद्रीचे घाट आणि मनाली ते लेह व खार्दुंग ला हा हिमालयातील मार्ग सायकलने पार करू लागले आहेत, आणि गिअर निवडण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्याने उभा राहतो. समुद्रसपाटीवर चालणारे आकडे तेथे चालत नाहीत. खार्दुंग लाची प्रत्यक्ष मोजलेली उंची ५३५९ मीटर आहे, आणि पाच हजार मीटरांवर विरळ हवेमुळे शरीराची दीर्घकाळ टिकणारी शक्ती सुमारे एक-तृतीयांशाने घटते. सामानासह ९५ किलोग्रॅम वजन असलेला, खाली १६० वॅट देणारा स्वार तेथे ११० वॅटच्या आसपास देऊ शकतो, म्हणून ८ टक्के चढाच्या खडकाळ तुकड्यावर त्याचा वेग ताशी पाच किलोमीटरांच्या खाली येतो. ३४ व ३२ दातांच्या जोडीने, जी शर्यतीच्या सायकलीवर अत्यंत सोपी मानली जाते, तेथे मिनिटाला ३६ च फेरे होतात. ३० व ३४ ने ४३. आणि माउंटन बाइकच्या तीन चक्री क्रँकवरील २२ दातांच्या चक्राला मागे ३४ ची जोड दिली तर ५९. दुकानात सायकल घेताना विक्रेता बहुधा सर्वांत मोठ्या गिअरविषयी बोलतो. घाटाचा विचार करणाऱ्याने आपले वजन, सामान, वय आणि जायची उंची धरून सर्वांत लहान गिअरचा हिशेब आधी करावा, आणि पुढच्या चक्राचे दाते मागच्यापेक्षा कमी आले तर ते आपल्या कुवतीवरचे दूषण मानू नये. सायकलवरून न उतरता तुर्माले चढलेल्या पर्यटकांनी ते मानले नव्हते.